विधिसंशोधन आणि विद्यावेतन : वऱ्हाडच्या सीमेवरून एक अवलोकन

१

बुलढाण्याहून औरंगाबादेकडे (आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे) जाणाऱ्या मार्गावर, बुलढाणा तालुक्यात, धाड हे गाव वऱ्हाडच्या अगदी कडेला वसले आहे. पलीकडे भोकरदनचा मुलूख लागतो. या सीमेचे महत्त्व आज नकाशावरील एका रेषेपुरते उरले असले, तरी शंभर वर्षांपूर्वी ती दोन न्यायव्यवस्थांची सीमा होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १९०२ मध्ये सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात ते त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाले, आणि पुढील वर्षी ते मध्यप्रांताच्या कारभारास जोडण्यात आले. तथापि त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री अबाधितच राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे वऱ्हाडात आपोआप लागू होत नसत. ते परराज्यातील अधिकारक्षेत्र या नात्याने, स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत. नागपूर भागात मालगुजारी, तर वऱ्हाडात रयतवारी. आणि सीमेपलीकडे निजामाचे कायदे व उर्दूतील न्यायालयीन व्यवहार. धाडसारख्या गावचा शेतकरी सोयरिकीसाठी किंवा बाजारासाठी पलीकडे गेला, तर काही कोसांत त्याचा कायदा बदलत असे.

विधीच्या अभ्यासकास यापेक्षा समृद्ध क्षेत्र क्वचितच लाभावे. असे असूनही या प्रदेशातील कोणा विद्यार्थ्याने कायद्याचे संशोधन करण्यासाठी अर्ज करावा आणि त्या काळात त्याच्या उदरनिर्वाहाची सोय कोणीतरी करावी, ही कल्पना दीर्घकाळ रुजलीच नाही. तिची कारणे कोणती, आणि ती कोणत्या मार्गाने अस्तित्वात आली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

पहिले कारण कायद्याच्या शिक्षणाच्या स्वरूपातच सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कायदा ही मुख्यतः सनद मिळविण्याची विद्या मानली गेली. सनद म्हणजे उत्पन्नाचे साधन. म्हणून ती मिळविणाऱ्याने तिचा खर्चही सोसावा, हा विचार सर्वांनाच स्वाभाविक वाटे. सरकार, संस्थानिक वा दानशूर गृहस्थ विद्यार्थ्यास साहाय्य करीत ते शास्त्र, अर्थकारण, वैद्यक किंवा अभियांत्रिकी यांसाठी. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी स्थापिलेल्या निधीतूनही मिळे ते कर्ज. कमाई सुरू झाल्यावर त्याची परतफेड अपेक्षित असे.

कायद्याच्या विद्वत्तेसाठी द्रव्य ठेवल्याचे एक ठळक उदाहरण कलकत्त्याचे आहे. १८६८ मध्ये निवर्तलेल्या प्रसन्नकुमार टागोर यांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात विधिव्याख्यानमाला सुरू झाली आणि तिच्या व्याख्यात्यास वर्षाला दहा हजार रुपये मिळू लागले. परंतु हा मान सिद्ध पंडिताचा होता, शिकणाऱ्याचा नव्हे. ज्याने आधीच नाव मिळविले त्यास व्याख्यानांसाठी द्रव्य मिळे. नाव मिळविण्याच्या वर्षांत त्याने काय खावे, या प्रश्नास तेथे उत्तर नव्हते.

महाराष्ट्रात हे उत्तर वकिलीनेच दिले. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये व्यवहारमयूखाचे भाषांतर प्रसिद्ध केले ते वकिली सांभाळून. पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत बाहेर पडला. हिंदू विधीच्या इतिहासावर याहून मोठे काम झालेले नाही. पण काणे हेही मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत होते. म्हणजे मराठी भाषकांच्या विधिसंशोधनाचा सर्वोच्च ग्रंथ कोणत्याही डॉक्टरेटच्या जागेवाचून आणि विद्यावेतनावाचून सिद्ध झाला. हे भूषणावह आहे खरे. परंतु ज्याची वकिली चालली नाही, किंवा जिला प्रारंभच करता आला नाही, अशा किती जणांचे ग्रंथ लिहिलेच गेले नाहीत, याची गणना कोणत्याही सूचीत सापडणार नाही.

३

विद्यावेतनाचा अर्ज, त्याचा करार आणि त्याची मुदत या तिन्हींचा परस्परसंबंध भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रात जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या शब्दामुळे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये देऊ केले होते. १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे अमेरिकेतील शिक्षणासाठी महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा ४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी लेखी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी, अशी त्याची मुख्य कलमे होती. येथे अर्जाचे स्वरूप बदललेले दिसते. शिफारशीने प्रारंभ झाला, पण शेवट करारात झाला. मेहेरबानीच्या जागी देणे-घेणे आले.

या करारात कायद्याला स्थान नव्हते. अभ्यास ठरला तो अर्थशास्त्राचा व समाजशास्त्राचा. आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली, १९१६ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी व ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. एकाच वेळी दोन्हीकडे नाव घालण्याची ही गोष्ट लक्षणीय आहे. संशोधनासाठी पैसा मिळत होता तो अर्थशास्त्रात. कायदा त्याच्या शेजारी, स्वतःच्या जबाबदारीवर शिकावयाचा होता.

पुढे मुदत संपली. १९१७ मध्ये विद्यावेतन थांबले आणि दोन्ही अभ्यास अपुरे टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन काम पुरे करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली, हाच काय तो आधार होता. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून तेथे त्यांना राहावयास घर मिळेना, आणि अल्पावधीतच त्यांना मुंबईस परतावे लागले. करार लिहिणाऱ्यांनी दरमहाची रक्कम आणि नोकरीची वर्षे मोजली होती. नोकरास शहरात छप्पर मिळेल की नाही, हे त्यात लिहिलेले नव्हते.

सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले व १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची डॉक्टरेट तर प्रबंध छापून झाल्यावर १९२७ मध्ये विधिवत हाती आली. तीन वर्षांच्या विद्यावेतनाने आरंभिलेले काम पुरे होण्यास चौदा वर्षे लागली. ज्यांनी पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्यांनी कायद्यात डॉक्टरेटसाठी प्रबंध असा कधी लिहिला नाही. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एल्एल्. डी. दिली ती सन्मानार्थ होती.

४

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष वऱ्हाडातील आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेले पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२० मध्ये इंग्लंडला गेले. त्यांना निघताना कोणा संस्थानिकाचा करार लाभला नव्हता. शेतकरी कुटुंबाने कर्ज काढून त्यांना पाठविले. एडिंबरो येथे संस्कृतच्या अभ्यासासाठी त्यांनी शिष्यवृत्ती मिळविली, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली आणि त्याच काळात ते बॅरिस्टरही झाले. त्यांचा प्रबंध १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

आंबेडकर व देशमुख यांची सामाजिक स्थिती, विषय आणि मार्ग भिन्न होते. तरीही दोघांच्या शिक्षणाचा साचा एकच आहे : प्रबंध अन्य विषयात, कायदा शेजारी. दोघेही पुढे संविधान सभेचे सदस्य झाले. कायदा घडविण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांना कायद्याच्या संशोधनासाठी म्हणून कोणी विद्यावेतन दिलेले नव्हते. हा योगायोग मानता येत नाही. विद्यावेतन देणाऱ्यांनी कायद्यास संशोधनाचा विषयच मानले नव्हते, याचे ते फलित होय.

देशमुखांनी या अनुभवाचा एक निष्कर्ष कृतीने काढला. श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने त्यांनी वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण घराजवळ आणून दिले. आज अमरावतीस त्यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे. तथापि महाविद्यालय पदवी देते. पदवीनंतरच्या चार-पाच वर्षांच्या निर्वाहाचा प्रश्न महाविद्यालयाच्या शक्तीबाहेरचा होता.

५

हा प्रश्न शासनाने हाती घेतला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तोही हळूहळू. १९५६ च्या अधिनियमाने विद्यापीठ अनुदान आयोगास वैधानिक रूप आले. त्याच वर्षी विदर्भ व मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले, आणि धाड व भोकरदन यांमधील राज्यसीमा नाहीशी झाली. विद्यापीठांची सीमा मात्र राहिली. धाडचा विद्यार्थी प्रथम नागपूर विद्यापीठाच्या व १९८३ नंतर अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात राहिला, जरी १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ त्याला अंतराने जवळचे होते.

अर्जाचे तिसरे रूप म्हणजे परीक्षा. १९८४ मध्ये आयोगाने कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी परीक्षा घेतली, आणि १९८९ च्या अखेरीपासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाली. तिच्या विषयांत कायदा समाविष्ट आहे. या पद्धतीत केळुसकरांसारख्या शिफारस करणाऱ्याची गरज उरली नाही, आणि दहा वर्षांच्या नोकरीचे बंधनही उरले नाही. पुढे राज्याने बार्टी, सारथी (२०१८) व महाज्योती (२०१९) या संस्थांमार्फत निरनिराळ्या समाजघटकांतील संशोधकांसाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्त्या दिल्या. सीमेवरच्या गावातील विद्यार्थ्याला राजवाड्याची वाट माहीत असण्याची आवश्यकता संपली, ही या व्यवस्थेची निःसंशय थोर कामगिरी होय.

परंतु दोन जुन्या अडचणी नव्या रूपात टिकून आहेत. पहिली, जागा व वेतन यांची फारकत. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात केवळ पीएच्. डी. प्रवेशास पात्र, असा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. अशा विद्यार्थ्यास प्रवेश मिळू शकतो. अधिछात्रवृत्ती त्यासोबत येत नाही. अर्ज मंजूर झाला, या वाक्याचा अर्थ म्हणूनच दोनदा तपासावा लागतो. कायद्याच्या विद्यार्थ्यास ही फारकत विशेष जाचते, कारण समोर वकिलीचा पर्याय सतत उभा असतो, आणि पूर्णवेळ संशोधन व चालती वकिली एकत्र सांभाळणे बहुधा साधत नाही.

दुसरी अडचण मुदतीची. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये व त्यापुढील वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली. ती दोन व तीन मिळून जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. २०२२ च्या नियमांनुसार पीएच्. डी. साठी मात्र सामान्यतः सहा वर्षांपर्यंत अवधी दिला आहे. म्हणजे नियमच असे गृहीत धरतो की काहींचे काम वेतनापेक्षा वर्षभर अधिक चालेल. त्या वर्षाचे काय, हा प्रश्न १९१७ च्या लंडनमध्ये जसा होता तसाच आजही आहे. फरक एवढाच की, तेव्हा तो एका विद्यार्थ्याचा होता आणि आता तो अनेकांचा आहे.

६

सारांश, विधिसंशोधनासाठी विद्यावेतन मागण्याच्या अर्जाने महाराष्ट्रात तीन रूपे घेतली : शिफारस, करार आणि परीक्षा. प्रत्येक पायरीवर प्रवेशद्वार अधिक रुंद झाले. पण संशोधन सिद्धीस जाते की नाही, हे प्रवेशद्वारापेक्षा मुदतीच्या शेवटच्या वर्षात ठरते, असे आंबेडकरांच्या उदाहरणावरून दिसते. वऱ्हाडचे सार्वभौमत्व, सीमेवरील जमिनींचे हक्क, दोन राज्यांत विभागलेल्या कुटुंबांचे वारसा व दत्तकाचे व्यवहार, हे विषय दप्तरांत पडून आहेत. त्यांचा अभ्यास करणाऱ्याला मोडी, उर्दू व इंग्रजी अशा तिन्ही लेखांतून वाट काढावी लागेल, आणि हे काम पाच वर्षांच्या हिशेबात बसेलच असे नाही. धाडच्या सीमेचा विधीतिहास लिहिणारा विद्यार्थी कोठून येईल, हे आता परीक्षेने ठरेल. तो लिहून पुरा होईल की नाही, हे त्याच्या सहाव्या वर्षाची तरतूद कोण करतो यावर अवलंबून राहील.