बाईचं नाव: लेण्यापासून सातबाऱ्यापर्यंत

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत भिंतीवर ब्राह्मी लिपीतला एक लांबलचक प्राकृत लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीचं १९वं वर्ष, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. लेणं भिक्षुसंघाला दान देणारी बाई आपली ओळख करून देते ती एका महाराजाची आई आणि दुसऱ्याची आजी म्हणून. लेखाचा मोठा भाग तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमात खर्ची पडला आहे. पण दान कोणाचं, ते नावानिशी कोरलेलं आहे: गौतमी बलश्री.

सातवाहन राजे आईचं नाव लावत, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यात एक मेख आहे. ‘गौतमी’ हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते गोत्रावरून आलेलं; आणि गोत्र येतं बापाकडून. म्हणजे राजाने आईचं म्हणून जे मिरवलं, त्याच्यामागे तिचं माहेर होतं आणि माहेराच्या मागे पुन्हा पुरुषच. तिचं स्वतःचं असं उरतं ते ‘बलश्री’ एवढंच, आणि तेही टिकलं कारण त्याच्याखाली तिने दिलेलं लेणं उभं आहे.

पुढे हजारएक वर्षांनी मराठीत बायकांची नावं दिसू लागतात ती अभंगाच्या शेवटच्या चरणात. मुक्ताबाई थेट आपलं नाव घालते. गंगाखेडची जनाबाई कधी नुसती जनी असते, पण लोकांच्या तोंडी बसली ती ‘नामयाची जनी’ म्हणून. सोयराबाईच्या कित्येक अभंगांत तर तिचं नावही नाही. ती स्वतःला चोख्याची महारी म्हणवते. नवरा आणि जात, एवढीच सही. आजच्या नजरेला हे परावलंबन वाटेल. पण जनी विठ्ठलालाच दळणकांडणाला हाताशी घेते आणि सोयरा सोवळ्याओवळ्याचा हिशेब देवापुढे मांडते, तेव्हा सही कोणाच्याही आधाराने केलेली असो, वरचा शब्द त्यांचा असतो.

१७व्या शतकातल्या बहिणाबाईने याहून मोठी उडी घेतली. वेरूळजवळच्या देवगावची ही ब्राह्मणाची लेक. ब्राह्मण बायकोने तुकारामांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्लेली. तिने अभंगांतून स्वतःचं आयुष्य सांगितलं, आणि एका जन्मावर न थांबता आधीचे जन्मही सांगितले. बाईचा देह मिळाला म्हणून वेदाची दारं बंद झाली, हे दुःख ती लपवत नाही. तरी प्रत्येक वेळी ‘बहिणी म्हणे’ असं ठणकावून सही करते. बाईपणाची खंत आणि बाईपणाचा अभिमान एकाच तोंडून निघू शकतात, याचा मराठीतला हा ठळक दाखला.

घरात मात्र नावाचा व्यवहार वेगळा होता. लग्नात तबकात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव रेखायचं, मग पेढे वाटायचे. कल्याणच्या जोश्यांची यमुना अशीच आनंदी झाली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. जलालपूरच्या गोखल्यांची मनू लक्ष्मीबाई टिळक झाली. तांदूळ गोळा करून डब्यात गेले की जुनं नाव माहेरपणापुरतं उरायचं. सासरी तेही नवं नाव कोण घ्यायचं? धाकटी, अमक्याची आई, नाहीतर नुसतं ‘अगं’. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि घ्यायचंच तर उखाण्यात. त्या दोन ओळींत नाव त्याचं, पण यमक, टोमणा आणि हशा तिचा. नावाआधी लागणारं ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ हे तर नवरा आहे की गेला याची पाटीच.

गंमत अशी की तांदळात लिहिलेली हीच नावं पुढे छापली गेली आणि बायकांनी ती स्वकर्तृत्वाने कमावली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं आणि ‘स्मृतिचित्रे’त त्याच नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर मनसोक्त हसून घेतलं. पंडिता रमाबाईंच्या नावात बाप नाही, नवरा नाही. मागे आडनाव नसून पुढे विद्वत्तेची पदवी आहे. आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली ती शिंदे या माहेरच्या आडनावाने. दुर्गुण सगळे बाईच्याच अंगी कसे, हा सवाल त्यांनी नाव लावून विचारला.

नाव लावणं दर वेळी परवडत होतंच असं नाही. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, शिकल्यासवरल्या अविवाहित मुलींची घुसमट उघडी करणारं. लेखिका म्हणून नाव होतं विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, यावरून रान पेटलं. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. जन्माचं नाव एक, लग्नाचं दुसरं, पण खरं बोलण्यासाठी त्यांना तिसरंच घ्यावं लागलं. आणि तिन्हींतलं त्यांनी स्वतः निवडलेलं तेवढंच.

पुस्तकावर नाव आलं तरी शेतावर यायला बराच काळ गेला. जन्मभर खुरपं चालवणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर शोधून सापडत नसे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, आणि त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्या. तिच्या कष्टाचं देणं फेडायचं तर ते तलाठ्याच्या दप्तरात दिसलं पाहिजे, हा त्यातला रोख. १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीने हक्क दिला. देशभरासाठी तो कायदा २००५ साली झाला. तरी भावांसाठी हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आजही दिसतात. माहेर तुटू नये म्हणून केलेली ती सही असते.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असेल. चांगलंच झालं. पण त्याच निर्णयात विवाहितेच्या नावाची जुनी रीत कायम आहे: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. लेकराला आई मिळाली. आईला मात्र तिची आई मिळाली नाही. मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीचं नाव लावायची मुभा तेवढी तिला दिली आहे. आजवर बाईचं नाव टिकलं ते त्याच्यासोबत तिचं काहीतरी होतं तिथे, मग ते लेणं असो, अभंग असो की पुस्तक. ही मुभाही कामाला येईल ती तिच्या नावावर काही असेल तेव्हाच.