त्रावणकोरातील काजूगर आणि कसावा : सुकविण्याच्या दोन रीती

काजू आणि कसावा ही दोन्ही पिके मूळची दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या सागरी व्यापारातून ती केरळात रुजली. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात काजू आढळत नाही. १५७८ मध्ये मात्र क्रिस्टोव्हाओ दा कोस्टा कोचीनच्या बागांतील काजूची नोंद करतो. दोहोंच्या टिकाऊपणाचा प्रश्न ओलाव्याचाच होता. परंतु त्याची उत्तरे परस्परविरुद्ध निघाली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्लम हे काजूप्रक्रियेचे प्रमुख केंद्र बनले. तेथे फोडलेले गर 'बोर्मा' नावाच्या भट्टीच्या खोलीत ताटांवर पसरून, सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या उष्ण हवेत काही तास ठेवले जात. (बेकरीच्या भट्टीलाही केरळात हाच शब्द आहे.) उष्णतेने गर किंचित आकसतो, वरचा तांबूस पापुद्रा सैल होतो आणि ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. ताप कमी पडल्यास पापुद्रा सुटत नाही व साठवणीत बुरशी येते. अधिक झाल्यास गर करपतो किंवा ठिसूळ होऊन सोलताना तुटतो. अखंड पांढऱ्या गराचा भाव तुकड्यांना मिळत नाही. सोलणीचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे होते व मजुरी कामाच्या वजनावर ठरे. त्यामुळे भट्टीवरील चूक त्यांच्या हाताखाली उघडी पडे. काजूव्यवसायाच्या इतिहासात निर्यातीच्या आकड्यांइतकेच महत्त्व या गोष्टीला द्यावयास हवे.

कसाव्याची कथा निराळी आहे. विशाखम् तिरुनाळ महाराजांनी (कारकीर्द १८८०–८५) या कंदाच्या लागवडीस उत्तेजन दिले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर तेथील तांदूळ बंद झाला आणि त्रावणकोरातील गरिबांचे पोट मोठ्या प्रमाणावर कसाव्यावर अवलंबून राहिले. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत हा कंद नासू लागतो. म्हणून त्याच्या चकत्या करून, कधी उकळून, उन्हात वाळविण्याची रीत होती.

कसाव्यात लिनामरिन हे सायनाइड देणारे द्रव्य असते. कंद चिरल्यावर त्यातीलच एक विकर या द्रव्याचे विघटन करते व विषारी वायू उडून जातो. त्यासाठी ओलावा आणि वेळ दोन्ही लागतात. तीव्र उष्ण हवेत चकती लवकर कोरडी होते, विकर निष्क्रिय होते आणि विष आतच उरते. काजूला उपकारक ठरलेली घाई येथे घातक आहे. उलट, पावसाळी हवेत मंद उन्हावर विसंबल्यास चकत्या काळवंडतात व त्यांना बुरशी लागते. त्यामुळे केवळ स्वच्छ, कोरडा रंग पाहून कसाव्याची प्रत ठरविता येत नाही.

महाराष्ट्रात उपवासाला खाल्ला जाणारा साबुदाणा याच कंदाचा. त्यासाठी मात्र कंद किसून त्याचे सत्त्व भरपूर पाण्यात धुऊन काढतात. विषद्रव्याचा मोठा भाग भाजण्यापूर्वी त्या पाण्यातूनच निघून जातो.