भात, मासळी आणि तळें

स्वस्त जेवणाचा इतिहास राजवाड्यांच्या बखरींत सांपडत नाहीं. तो शोधावयाचा तर बाजारपेठेंत, खाणावळींत आणि गांवच्या तळ्याकांठीं जावें लागतें. जपानची सुशी आज जगांतील मोठमोठ्या शहरांत भारी किंमतीस विकली जाते. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतूनहि ती मिळते. परंतु तिचा जन्म कोणा सम्राटाच्या मुदपाकखान्यांत झाला नाहीं. भात पिकविणाऱ्या आणि उथळ पाण्यांत मासे धरणाऱ्या सामान्य माणसांच्या गरजेंतून ती निर्माण झाली. भंडारा जिल्ह्यानें तर ही कथा विशेष लक्ष देऊन ऐकावी. कारण भात आणि गोड्या पाण्याची मासळी हीच त्या जिल्ह्याचीहि जुनी शिदोरी होय.

आग्नेय आशियांतील भाताच्या मुलखांत, बहुधा मेकाँग नदीच्या खोऱ्यांत, मासा टिकविण्याची एक युक्ति निघाली असें अभ्यासक मानतात. खारवलेला मासा शिजविलेल्या भातांत दाबून ठेवावयाचा. भात आंबला म्हणजे त्याच्या आंबटपणामुळें मासा महिनोन्महिने नासत नसे. खातांना भात टाकून देत व मासा तेवढा खात. ही युक्ति जपानांत पोंचली, आणि आठव्या शतकांतील तेथील कायद्यांत करादाखल द्यावयाच्या जिनसांत सुशीचें नांव आलें. बिवा नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या कांठीं ही जुनी ‘फुनाझुशी’ अद्यापि केली जाते. तिच्यासाठीं लागणारा मासा समुद्रांतील नव्हे, त्या सरोवरांतलाच असतो.

पुढें महिनोन्महिने थांबण्याइतकी सवड शहरी माणसाला राहिली नाहीं. आंबलेल्या भाताचें काम सिरक्यावर भागूं लागलें. १८०४ मध्यें हांडा गांवच्या नाकानो माताझाएमोन यानें मद्याच्या चोथ्यापासून सिरका करण्याचा धंदा काढला आणि तो स्वस्त सिरका एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, जाऊं लागला. १८२० नंतरच्या दशकांत तेथें हानाया योहेई या विक्रेत्यानें सिरका घातलेल्या भाताचा मुटका वळून त्यावर माशाचा तुकडा ठेवण्याची रीत प्रसिद्धीस आणली. कारागीर व हमाल रस्त्यावरच्या गाड्यापाशीं उभ्या उभ्या दोन घांस खात आणि कामाला लागत. कालांतरानें हें अन्न महाग झालें. तेव्हां १९५८ मध्यें ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यानें बिअरच्या कारखान्यांतील सरकता पट्टा पाहून तसाच पट्टा आपल्या दुकानांत बसविला. बशा फिरत ग्राहकापुढें येऊं लागल्या, वाढप्यांची गरज कमी झाली आणि मजुराला पुन्हां सुशी परवडूं लागली.

आतां भंडाऱ्याकडे वळूं. या मुलखांतील तळीं निसर्गानें दिलेलीं नव्हेत. तीं माणसांनीं बांधलेलीं आहेत. चांद्याच्या गोंड राजांनीं तळें बांधणारास त्याच्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन देण्याचें वचन दिलें, अशी परंपरा सांगते. कोहळी समाजानें हें काम मनावर घेतलें. टेकड्यांच्या मधल्या सखल जागा हेरून त्यांनीं मातीच्या पाळी घातल्या आणि पाणी सोडण्यासाठीं तुडूम बसविले. साकोली तालुक्यांतील शिवनीबांध आणि १९९९ मध्यें वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांवबांध हीं या कौशल्याचीं ठळक उदाहरणें होत. पूर्व विदर्भांत अशीं लहानमोठीं सहा हजारांहून अधिक तळीं आहेत.

पाऊस ओढ धरी तेव्हां या तळ्यांनीं धानाच्या बांध्या वांचविल्या, आणि त्याच पाण्यानें धीवरांचें घर चालविलें. पहिल्या पावसांत सांडव्यावरून वाहणाऱ्या ओहोळांतून मासे वर चढत, बांध्यांच्या उथळ पाण्यांत अंडीं घालीत. यांनाच मराठींत चढणीचे मासे म्हणतात. मरळ, शिंगूर, मांगूर आणि झिंगे धीवर स्त्रिया आठवडी बाजारांत नेऊन विकीत. साध्या खाणावळींत मजुरापुढें भाताचा ढीग आणि मासळीचा तिखट रस्सा येतो, तो याच व्यवस्थेच्या जोरावर. तें ताट स्वस्त असण्याचें कारण खाणावळवाल्याची उदारता नव्हे. भात आणि मासा एकाच पाण्यानें, एकाच गांवांत पिकत, आणि वाहतुकीचा खर्च तेथें शिरत नसे.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली. हा निर्णय न्यायाचाच होता. परंतु मालगुजारासवें पाळीची निगा राखण्याची जबाबदारीहि गेली. तळीं सरकारकडे आलीं, लहान तळीं पुढें जिल्हा परिषदांकडे गेलीं, आणि लोक त्यांस ‘माजी मालगुजारी’ या शब्दांवरून ‘मामा तलाव’ म्हणूं लागले. अनेक ठिकाणीं गाळ सांचला व कांठांवर बेशरमाचें रान माजलें. १९५७ मध्यें ओरिसांत कृत्रिम प्रजननाचा प्रयोग यशस्वी झाल्यावर रोहू-कटला यांचें बीज देशभर सोडलें जाऊं लागलें. त्यानें उत्पन्न वाढलें हें खरें. तथापि हे मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. म्हणून बीज पुनःपुन्हां विकत घ्यावें लागतें. देशी मासा मात्र फुकट वाढत असे. तो विरळ झाला कीं गरिबाच्या ताटाचा एक कोपरा रिकामा होतो.

बिवा सरोवराचीहि हीच गत झाली. कांठचे बोरू तोडले गेले, शेतें आणि सरोवर यांच्यामधील वाट बुजली, परदेशी मासे माजले. आणि एकेकाळची घरगुती फुनाझुशी दुर्मिळ व महाग झाली. तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं माशांना पुन्हां भातशेतांत चढतां येईल अशा पायऱ्या पाटांत रचल्या. अशा शेतांना ते माशांचा पाळणा म्हणतात. २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें या पद्धतीस जागतिक वारशाचा मान दिला.

भंडारा-गोंदियाच्या धीवर स्त्रीपुरुषांनींहि कांहीं तळ्यांतून बेशरम उपटून देशी पाणवनस्पति लाविल्या आहेत आणि देशी मासळीला पुन्हां आसरा दिला आहे. त्यांच्याजवळ पुस्तकी विद्या थोडी असेल. पण मासा कोणत्या गवतांत अंडीं घालतो हें त्यांना ठाऊक आहे. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं या ज्ञानाची किंमत ओळखावी. ताट स्वस्त राहावें असें वाटत असेल, तर ताटामागचें तळें जिवंत राहिलें पाहिजे. इतिहासाचा दाखला जपानचा घ्या कीं भंडाऱ्याचा, तो हेंच सांगतो.