चार्जरचा दाब जास्त, बॅटरीचे आयुष्य कमी!

आणीबाणीचा दिवा, संगणकाचा यूपीएस किंवा दुकानातील धोक्याची घंटा यांत बसणारी १२ व्होल्टची लहान सीलबंद बॅटरी वर्षभरातच फुगते, गरम होते किंवा पाच मिनिटांत मान टाकते, हा अनुभव अनेकांना येतो. दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोषी असतो तो चार्जर. त्याचे व्होल्टेज थोडे कमी केले, तर तीच बॅटरी काही वर्षे सहज टिकू शकते. हा बदल एका लहानशा रेझिस्टरने साधता येतो. मात्र, तो करण्यापूर्वी त्यामागील हिशेब समजून घेणे आवश्यक आहे.

एकाच बॅटरीचे दोन आकडे

सात अँपिअर-तासाच्या सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीवर बहुधा व्होल्टेजच्या दोन मर्यादा छापलेल्या असतात. बॅटरी रोज वापरून पुन्हा भरायची असेल, तर साधारण १४.४ ते १५ व्होल्ट. सतत चार्जरला जोडून ठेवायची असेल, तर १३.५ ते १३.८ व्होल्ट. पहिल्या प्रकारचा चार्जर दुसऱ्या कामासाठी वापरणे, हीच नेहमीची चूक.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येक घटावरील दाब सुमारे २.४ व्होल्टच्या पुढे गेला, की आतील पाण्याचे विघटन वेगाने होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू तयार होतात. साध्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून ही तूट भरून काढता येते. सीलबंद बॅटरीत ती सोय नसते. ती आतून कोरडी पडते. शिवाय, हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवलेल्या बॅटरीबाबत हे विसरून चालणार नाही.

दोन रेझिस्टरांचा खेळ

ट्रान्सफॉर्मर असलेल्या अनेक लहान चार्जरमध्ये 'एलएम ३१७' ही तीन पायांची आयसी आढळते. ही आयसी आपला 'आउटपुट' आणि 'अॅडजस्ट' या दोन पायांमध्ये नेहमी सुमारे १.२५ व्होल्ट राखते. या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर असतो, तर 'अॅडजस्ट' आणि ऋण तार यांच्यामध्ये दुसरा. त्यांच्या गुणोत्तरावर चार्जरचे व्होल्टेज ठरते. दुसऱ्या रेझिस्टरला पहिल्याने भागावे, त्यात एक मिळवावा आणि उत्तराला १.२५ ने गुणावे. 'अॅडजस्ट' पायातून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहामुळे त्यात साधारण ०.१ व्होल्टची भर पडते.

उदाहरणार्थ, पहिला रेझिस्टर २२० ओहम आणि दुसरा २४०० ओहम असेल, तर सुमारे १५ व्होल्ट मिळतात. आता दुसऱ्या रेझिस्टरला समांतर २२ हजार ओहमचा रेझिस्टर जोडला, तर दोघांचा मिळून रोध सुमारे २१६४ ओहम होतो आणि व्होल्टेज १३.६५ वर येते. मूळचा भाग न काढता काम होते. एक टक्का अचूकतेचा मेटल फिल्म रेझिस्टर घेणे श्रेयस्कर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत तो काही पैशांत किंवा रुपया-दोन रुपयांत मिळतो.

मोजल्याशिवाय भरवसा नको

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढावा आणि बॅटरी सोडवावी. सोल्डरिंग झाल्यावर प्रथम बॅटरीविना मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. आयसीच्या पुढे डायोड असेल, तर त्यात ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. त्यामुळे अंतिम मोजमाप पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या टोकांवरच घ्यावे.

व्होल्टेज उतरवले, की उरलेला दाब आयसीला उष्णतेच्या रूपाने सोसावा लागतो. आत २० व्होल्ट येत असतील आणि अर्धा अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर पूर्वी अडीच वॉट उष्णता निर्माण होत होती. आता ती ३.२ वॉटच्या आसपास जाते. हीट सिंक त्या बेताचा हवा.

फार खाली जाणेही बरे नव्हे. बॅटरी कायम अर्धपोटी राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचा कठीण थर साचतो आणि क्षमता घटते. तापमानाचाही विचार हवा. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे ०.०२ व्होल्टने कमी ठेवावे लागते. विदर्भातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान ४० अंशांवर गेल्यास हा फरक ०.३ व्होल्टचा होतो.

येथे हात घालू नका

ट्रान्सफॉर्मरविना चालणाऱ्या वजनाने हलक्या, म्हणजे स्विच मोड प्रकारच्या चार्जरमध्येही व्होल्टेज रेझिस्टरांच्या जोडीनेच ठरते. परंतु तेथे २३० व्होल्टचा पुरवठा थेट एकदिश होऊन कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढल्यानंतरही ते काही काळ टिकतात आणि जिवावर बेतू शकतात. अशी दुरुस्ती जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावी.

लिथियम बॅटरीसाठी तर असे घरगुती बदललेले चार्जर मुळीच वापरू नयेत. तिच्या मर्यादा वेगळ्या असून, चूक झाल्यास आग लागण्याचा धोका असतो. लेड-अॅसिड बॅटरीपुरते मात्र सूत्र सोपे आहे : आधी बॅटरीवरील मजकूर वाचावा, मग मल्टिमीटर लावावा आणि त्यानंतरच सोल्डरिंग गन हाती घ्यावी.