आतड्यांचा जुनाट दाह : ‘पुढे काय?’ या प्रश्नाचा इतिहास

शौचावाटे रक्त आणि शेंबूड पडू लागला की केज-अंबाजोगाईकडे ‘आव पडली’ म्हणतात. जुनी माणसे ‘संग्रहणी’ म्हणतात. बहुतेक वेळा निदान तेवढेच असते. अमीबामुळे किंवा जिवाणूंमुळे झालेली आव औषधाने आठ-दहा दिवसांत बरी होते. काहींची मात्र थांबते आणि पुन्हा उलटते. वर्षे जातात, वजन उतरत राहते. अशांपैकी काहींना आतड्यांचा जुनाट दाह झालेला असतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. एकात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात, त्याला व्रणीय बृहदांत्रदाह म्हणतात. दुसरा क्रोनचा रोग. तो अन्नमार्गात कोठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. दोन्हींत शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. हे रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाहीत. निदान कळले की घरचे लोक विचारतात, याचे पुढे काय होणार?

या रोगाची वैद्यकीय नोंद झाली ती एका खून खटल्यामुळे. १८५९ साली लंडनजवळ इझाबेला बँक्स ही स्त्री जुलाब-उलट्यांनी मरण पावली. तिच्यासोबत राहणारा डॉक्टर स्मेथर्स्ट याने विषप्रयोग केला असा आरोप झाला. तपासणीत आर्सेनिक सापडले, पण ते परीक्षेसाठी वापरलेल्या तांब्यातलेच निघाले! (रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.) सॅम्युअल विल्क्स यांना तिच्या आतड्यांत तीव्र दाह व व्रण आढळले. फाशीची शिक्षा झालेला स्मेथर्स्ट त्यातून सुटला. त्या काळी मोठा झटका आला की शेवट बहुधा असाच होई.

क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये १४ रुग्णांवरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा एक विकार वर्णिला आणि तो क्षयाहून वेगळा असल्याचे दाखवले. आपल्याकडे हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण आतड्यांचा क्षयही नेमका तेथेच बसतो. ताप, पोटदुखी, रोडावणे ही लक्षणेही तीच. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. तो क्षय आतड्यांचा होता असे सांगतात. त्या काळच्या वर्णनावरून आज कोणीही खात्रीचे निदान करू शकणार नाही. सूक्ष्मदर्शक हाताशी असूनही आजच्या डॉक्टरांना पुष्कळदा आधी क्षयाची औषधे देऊन काही महिने वाट पाहावी लागते. दुखणे क्रोनचे असेल तर तेवढा काळ वाया जातो. हा पाश्चात्त्यांचा रोग, ही समजूतही आडवी येते. पंजाबमधील पाहणीत लाखामागे सुमारे ४४ जणांना व्रणीय बृहदांत्रदाह असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले.

रोगाच्या भवितव्याला कलाटणी मिळाली १९५५ साली. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह व विट्स यांनी २१० रुग्णांचे दोन गट केले. एकाला कॉर्टिझोन दिले, दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. सहा आठवड्यांनी पहिल्या गटात ४१ टक्के, तर दुसऱ्यात केवळ १६ टक्के रुग्णांची लक्षणे शमली.

पण सहा आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे. त्यासाठी माणसे वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवावी लागतात. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी १९६२ पासून बृहदांत्रदाहाचे ११००हून अधिक रुग्ण असे मोजत ठेवले. दहा वर्षांत सुमारे चौथ्या हिश्शाचे मोठे आतडे काढावे लागले, तरी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक कामाधंद्यास समर्थ राहिले. त्यांचे एकंदर आयुर्मानही इतरांपेक्षा कमी भरले नाही. नॉर्वेत १९९० नंतरच्या रुग्णांत आतडे काढण्याचे प्रमाण दहा वर्षांत दहा टक्क्यांवर आले. क्रोनच्या रोगाचे चित्र इतके आशादायक नाही. त्यात आतडे अरुंद होते, नाडीव्रण होतात, मुलांची उंची खुंटते. दाह दीर्घकाळ राहिला तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून आठ-दहा वर्षांनंतर ठरावीक काळाने दुर्बिणीने तपासणी करतात.

हे आकडे नियमित उपचार घेणाऱ्यांचे आहेत, हे विसरता कामा नये. बरे वाटू लागले की औषध सोडण्याचा मोह होतो. सल्फासॅलाझिनने बऱ्या राहिलेल्या रुग्णांवर ऑक्सफर्डला १९७३ साली प्रयोग झाला. औषध काढून घेतलेल्यांत रोग उलटण्याचे प्रमाण चौपटीहून अधिक होते. आता केज तालुक्याचा विचार करू. दिवाळीच्या सुमारास येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. अशा घरातल्या रुग्णाची फाईल एका गावी, माणूस दुसऱ्या जिल्ह्यात, आणि गोळ्या महिन्याभरात संपलेल्या. निघण्यापूर्वी डॉक्टरांना हंगामाची लांबी सांगून तेवढ्या मुदतीच्या औषधांची चिठ्ठी आणि निदानाच्या कागदांची नक्कल सोबत घेता येते. मागे शाळेत राहिलेले मूल आजारी असेल, तर त्याच्या गोळ्यांची वेळ आणि तासातून न विचारता बाहेर जाण्याची मुभा या दोन गोष्टी गुरुजींच्या हाती असतात.