शरीराची साक्ष : कॅथरिन डनहॅम आणि माणसाचे शास्त्र

१

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. या निबंधातील सिद्धान्तांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. मात्र त्या प्रसंगाचा आणखी एक अर्थ आहे. ज्या माणसांना इतरांनी मोजायचे, त्यांच्या चालीरीती इतरांनी टिपून घ्यायच्या, त्यांच्याविषयीचे निष्कर्षही इतरांनीच काढायचे, अशा माणसांपैकी एक जण त्या दिवशी अभ्यासक म्हणून उभा राहिला. माणसाचे शास्त्र आणि ज्याचे शास्त्र रचले जाते तो माणूस, हे दोघे एकाच देहात एकत्र आले.

गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य होते. माणसाची संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकण्यातून आणि परंपरेतून येते, हे बोआस आयुष्यभर सांगत राहिले. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला त्यांनी शास्त्राच्या हत्याराने धक्का दिला. याच बोआस यांच्या हाताखाली पुढे मेलव्हिल हर्स्कोविट्स तयार झाले. १९२३ साली त्यांनी कोलंबियात डॉक्टरेट मिळवली. काळी लेखिका झोरा नील हर्स्टन याही बोआस यांच्याच विद्यार्थिनी. १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एक विलक्षण दृश्य दिसत असे. हर्स्कोविट्स यांच्या संशोधनासाठी हर्स्टनबाई मोजमापाचा चिमटा हातात घेऊन आपल्याच वस्तीतल्या माणसांची डोकी मोजत रस्त्यावर उभ्या राहत. वंशवाद खोडून काढणे हाच त्या मोजणीचा हेतू होता. तरीही हेतू कितीही चांगला असला, तरी ज्याचे डोके मोजले जाते त्याला त्या वेळी काय वाटते? त्याचा आकडा होतो, आवाज मात्र नोंदला जात नाही.

पुढे हर्स्टनबाईंनी वेगळी वाट धरली. गोळा केलेली गाणी आणि बहामा बेटांवरचे नृत्य त्यांनी १० जानेवारी १९३२ रोजी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आणले. शास्त्राने टिपून घेतलेली गोष्ट पुन्हा माणसांच्या अंगात उतरवण्याचा तो प्रयत्न होता. पैशाअभावी तो फार टिकला नाही. पण नृत्य आणि शास्त्र यांनी एकत्र काम करावे ही कल्पना काळ्या माणसांच्या जगात मूळ धरू लागली होती. ती पूर्णत्वाला नेली कॅथरिन डनहॅम यांनी.

२

डनहॅम यांचा जन्म २२ जून १९०९ चा. वडील काळे होते आणि कपडे धुण्याचा व्यवसाय करीत. आई लहानपणीच गेली. भाऊ अल्बर्ट शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत होता, त्याच्या पाठोपाठ बहीण तिथे आली. दिवसा मानववंशशास्त्राचे वर्ग आणि उरलेल्या वेळात नाच असे तिचे दुहेरी आयुष्य सुरू झाले. विशीतच तिने काळ्या नर्तकांचा संघ काढला. त्या काळी काळ्या मुलीने बॅले शिकायचे म्हणजे शिक्षक मिळणे हीच पहिली लढाई असे.

शिकागोत प्रा. रॉबर्ट रेडफील्ड यांच्या व्याख्यानात एक गोष्ट तिच्या कानावर पडली. अमेरिकेतील काळ्यांच्या नाचात, गाण्यात, चालण्याबोलण्यात आफ्रिकेचा अंश शिल्लक आहे. आज हे साधे वाटेल. त्या वेळी अमेरिकेतला सर्वसामान्य समज असा होता, की गुलामांच्या जहाजात काळ्यांचा सारा भूतकाळ बुडाला. ज्याला भूतकाळ नाही त्याला भविष्य मागण्याचा अधिकार नाही, हे राजकारण त्या समजुतीच्या पोटात दडले होते. आपल्याला हे राजकारण परके नाही.

ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या निधीतून काळ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळत. त्या निधीच्या समितीपुढे डनहॅम गेल्या. तुम्हाला कशाचा अभ्यास करायचा आहे, असा प्रश्न आला. त्या स्वतः पुढे सांगत असत, की त्यांनी अंगावरचे बाहेरचे कपडे उतरवले आणि समितीपुढे नाचूनच दाखवले. आधी बॅले, मग आफ्रिकेच्या वळणाचा नाच. हे दुसरे जे आहे ते शिकागोत कुणी शिकवत नाही, ते मला शिकायचे आहे, असे त्यांचे म्हणणे. शिष्यवृत्ती मिळाली. तयारीसाठी त्यांना नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हर्स्कोविट्स यांच्याकडे पाठवण्यात आले.

हर्स्कोविट्स यांच्यातही मधल्या काळात मोठा बदल झाला होता. १९२५ साली त्यांनी लिहिले होते, की हार्लेमचा काळा माणूस पूर्णपणे अमेरिकन झालेला आहे. नंतर ते सुरीनामच्या जंगलात गेले, पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी येथे गेले, १९३४ साली हैतीच्या खेड्यात राहिले आणि आपलेच मत त्यांनी मोडून काढले. भाषा बदलते, देवांची नावे बदलतात, पण बसण्याची, ओझे वाहण्याची, नाचण्याची ढब सहजासहजी बदलत नाही, असे त्यांना दिसू लागले. शरीराच्या हालचालीत इतिहासाचा पुरावा आहे. तो पुरावा वाचायला मात्र शास्त्रज्ञाला नर्तकाचे डोळे हवे होते. गोऱ्या प्राध्यापकाला जे बाहेरून दिसत होते, ते आतून जाणणारी विद्यार्थिनी त्याला मिळाली. तिला त्याच्याकडून पद्धत मिळाली, ओळखपत्रे मिळाली, प्रश्न विचारण्याची शिस्त मिळाली. दोघांची गरज खरी होती. दोघांची सत्ता मात्र सारखी नव्हती, हे विसरून चालणार नाही.

३

१९३५ साली डनहॅम निघाल्या. बरोबर वही होती आणि चलच्चित्राचा कॅमेराही. प्रथम जमैकातील ॲकॉम्पाँग. डोंगरातले हे गाव मरून लोकांचे, म्हणजे मळ्यांतून पळून जाऊन इंग्रजांशी लढलेल्या गुलामांच्या वंशजांचे. १७३९ साली इंग्रजांना या लोकांशी तह करावा लागला होता. तिथला जुना युद्धनाच बाईंना पाहायचा होता. आठवड्यामागून आठवडे गेले तरी तो कुणी दाखवेना. गावाने त्यांना आधी निरखले, पारखले. मुक्काम संपत आला तेव्हा कुठे तो नाच पाहायला मिळाला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जर्नी टू ॲकॉम्पाँग’ या पुस्तकात हे सारे त्यांनी लिहिले आहे. या प्रसंगात एक धडा आहे. विद्या ही ज्याची असते त्याला ती द्यायची की नाही हे ठरवण्याचाही अधिकार असतो. वाट पाहणे हा डनहॅमबाईंच्या शास्त्राचा पहिला नियम ठरला.

पुढे मार्टिनिकमध्ये त्यांनी ‘आग्या’ हा झुंजीचा नाच चित्रित केला, त्रिनिदादमध्ये शांगोची उपासना पाहिली आणि मग हैतीला पोचल्या. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून उभे केलेले राष्ट्र. १७९१ मध्ये उठाव, १८०४ मध्ये स्वातंत्र्य. १९१५ पासून अमेरिकन फौजा तिथे ठाण मांडून होत्या, त्या १९३४ साली परतल्या. या स्वतंत्र काळ्या राष्ट्रातही वरचा, उजळ कातडीचा वर्ग फ्रेंच बोलत होता आणि शेतकऱ्याच्या व्होडू धर्माची लाज बाळगत होता. जाँ प्राइस-मार्स या हैतीच्याच डॉक्टर-विद्वानाने १९२८ साली आपल्या वर्गाला या लाजेचा जाब विचारला होता. तरीही १९३५ साली तिथल्या सरकारने ‘अंधश्रद्धेच्या चाली’ दंडनीय ठरवणारा कायदा केला. डनहॅम तिथे गेल्या त्या अशा वेळी.

त्यांनी कोपऱ्यात बसून टिपणे घेतली नाहीत. त्यांनी व्होडूची दीक्षा घेतली, शेतकरी बायांबरोबर जमिनीवर झोपल्या, ढोलाच्या ठेक्यावर पाठीचा कणा लाटेसारखा हलवायला शिकल्या. डम्बाला या नागदेवतेसाठी नाचला जाणारा हा ‘यानव्हालू’. मणक्यामणक्यातून हालचाल सरकत जाते, गुडघे वाकलेले, देह जमिनीकडे झुकलेला. बॅलेचा नर्तक जमीन सोडून वर जाऊ पाहतो. हैतीचा शेतकरी जमिनीशी बोलतो. जमिनीत आयुष्य घातलेल्या माणसाचा तो नाच आहे.

या अभ्यासातून त्यांनी हैतीच्या नृत्यांवर प्रबंध लिहिला. कोणता नाच कुणी, केव्हा, कशासाठी नाचायचा, त्यातून समाजाची कोणती गरज भागते, याची पद्धतशीर मांडणी त्यात आहे. १९५७ साली त्याची फ्रेंच आवृत्ती निघाली, तेव्हा क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी तिला प्रस्तावना लिहिली. पण पदव्युत्तर पदवी पुरी करणे डनहॅमबाईंनी सोडून दिले. नर्तिका व्हावे की शास्त्रज्ञ, या पेचातून त्यांनी नृत्याची निवड केली आणि शास्त्र सोबत घेऊन रंगमंचावर गेल्या.

४

२७ जानेवारी १९३८ रोजी शिकागोत ‘लाग्या’ हे नृत्यनाट्य झाले. मार्टिनिकमधील मासेमारांचे गाव, एक मुलगी, तिच्यावर प्रेम करणारे दोघे आणि शेवटी तो झुंजीचा नाच. बाईंनी कॅमेऱ्यात धरून आणलेल्या हालचाली आता काळ्या नर्तकांच्या अंगात उतरल्या. यातले काही नर्तक घरकाम, मजुरी करणारे होते. पुढे न्यूयॉर्कला त्यांनी शाळा काढली. तिथे बॅलेबरोबर कॅरिबियन नृत्य, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषा असे विषय होते. हैतीचे पापा ऑगस्टीन, क्युबाचे ला रोसा एस्त्राडा हे ढोलवादक त्यांच्या कामात सामील झाले. ज्यांना शास्त्र ‘माहिती देणारा’ म्हणते, त्या परंपरेतली माणसे इथे गुरू म्हणून उभी राहिली. ‘डनहॅम पद्धती’ म्हणून नर्तक जी शिकतात, ज्यात मान, खांदा, कंबर एकमेकांपासून सुटे करून निरनिराळ्या तालांत हलवायचे असतात, तिच्या मुळाशी हे शेतकऱ्यांचे ज्ञान आहे.

ज्याला शरीराचा इतिहास कळला त्याला शरीरावरचा अन्याय गप्प बसू देत नाही. १९४४ साली केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरात प्रयोग संपल्यावर डनहॅम प्रेक्षकांपुढे आल्या आणि म्हणाल्या, की काळ्यांना गोऱ्यांशेजारी बसू दिले जात नाही तोवर मी इथे पुन्हा येणार नाही. १९५० साली ब्राझीलमधील साओ पाउलोत एका हॉटेलने त्यांना खोली नाकारली. त्यावरून देशभर गहजब झाला आणि १९५१ साली वर्णभेदाला गुन्हा ठरवणारा कायदा तिथे झाला. त्याच वर्षी जानेवारीत चिलीच्या सान्तियागो शहरात त्यांनी ‘साउथलँड’ सादर केले. गोऱ्या स्त्रीचा खोटा आरोप, झुंड आणि झाडाला लटकलेला काळा देह, हे सारे रंगमंचावर. अमेरिकन वकिलातीला ते खपले नाही. प्रयोग थांबवावे म्हणून दबाव आला. १९५३ साली पॅरिसमध्ये ते पुन्हा एकदा झाले, मग संघाने ते केलेच नाही. सरकारने इतर नृत्यसंघांना परदेश दौऱ्यांसाठी पैसा दिला, डनहॅम यांना दिला नाही. हैतीचा नागनाच पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांना झाडावरचा देह पाहवत नव्हता. आमची कला हवी, आमची साक्ष नको, हा प्रस्थापितांचा जुना शिरस्ता आहे.

१९६७ साली त्यांनी ईस्ट सेंट लुईस या मोडकळीला आलेल्या काळ्या वस्तीत कलाकेंद्र उभारले आणि टोळ्यांतल्या पोरांच्या हाती ढोल दिले. १९९२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, हैतीच्या निर्वासितांना परत पाठवणाऱ्या अमेरिकेच्या धोरणाविरुद्ध त्यांनी ४७ दिवस उपोषण केले. ज्यांच्याकडून नाच घेतला त्यांचे ऋण कसे फेडायचे, याचे उत्तर त्यांनी देहानेच दिले. २१ मे २००६ रोजी त्या वारल्या.

५

या साऱ्या कथेला एक दुसरी बाजू आहे. आफ्रिकेचा वारसा सांगणाऱ्या हर्स्कोविट्स यांच्या मताला सर्वांत कडवा विरोध केला तो ई. फ्रँकलिन फ्रेझर या काळ्या समाजशास्त्रज्ञाने. त्यांचे म्हणणे, गुलामगिरीने तो वारसा मोडून टाकला. आणि काळे लोक मुळातच वेगळे आहेत असे म्हणणे म्हणजे त्यांना वेगळे ठेवणाऱ्यांच्या हातात कोलीत देणे. ही भीती खोटी नव्हती. आपल्याकडेही हा वाद आहे. हलगी वाजवणे ही वेठ होती. वरातीपुढे वाजवायचे आणि पंगतीला बाहेर बसायचे. ती हलगी कला म्हणून मिरवावी, की जोहार आणि मेलेली ढोरे ओढणे यांच्याबरोबर टाकून द्यावी? टाकून देणाऱ्यांनी माणूसपणासाठी टाकली. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणत्याही लोककलासंशोधकाला नाही.

पण आंबेडकरी चळवळीने याला एक उत्तर देऊन ठेवले आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचाच बाज घेतला, त्यातली लाचारी काढली, आणि जलशातून गावोगाव बाबासाहेबांचा विचार नेला. ढोलकी तीच होती, ती कुणाच्या हुकमाने वाजायची हे बदलले. डनहॅम यांनी हैतीच्या ढोलाबाबत जे केले, त्याची जात हीच आहे.

शास्त्र आणि कला यांच्या सहकार्याच्या गोष्टी आज मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. अशा प्रत्येक सहकार्यात एक तिसरा माणूस असतो. हैतीच्या ज्या बायांनी डनहॅम यांना कणा हलवायला शिकवले, त्यांची नावे बहुतेक कुणाला ठाऊक नाहीत. प्रबंधावर नाव एकाचे, प्रयोगाच्या जाहिरातीवर एकाचे. डनहॅम यांचे मोठेपण हे, की हे ऋण त्यांना आयुष्यभर टोचत राहिले. आपल्यातून जे संशोधक आज पुढे येत आहेत, विद्यापीठांत लोककलांवर प्रबंध लिहीत आहेत, त्यांनाही ते टोचले पाहिजे. आजीच्या ओव्या, बापाची हलगी, पोतराजाचा आसूड यांवर पदवी मिळेल. त्या पदवीच्या पहिल्या पानावर त्या आजीचे, त्या बापाचे नाव आहे काय, एवढे आधी पाहावे.