सोमवारचा सल्ला

बुधवार, 10 जुलै 1963. मृत्यूला 14 दिवस.
औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक बाई बाळंतपणासाठी दाखल होते. मुलगा होतो. पाठोपाठ कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही करून घ्यायचं, हे तिने आधीच ठरवलं आहे.

शनिवार, 13 जुलै. 11 दिवस.
ऑपरेशन होतं. पोटातलं रक्त टिपायला मॉप वापरतात, म्हणजे कापडाची जाडसर घडी. रक्तात भिजली की ती आतड्याच्याच रंगाची होते, चुरगळून दोन वेटोळ्यांमध्ये सरकते. नजरेवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मोजायचं. जितके मॉप आत गेले तितके बाहेर आल्याशिवाय पोट शिवायचं नाही, एवढाच नियम. एक मॉप आत राहिला आणि टाके पडले.

त्यानंतर लगेचच तिला जोराचा ताप भरतो, असह्य दुखू लागतं. इतक्या साध्या ऑपरेशननंतर असं होत नाही.

सोमवार, 15 जुलै. 9 दिवस.
दुखणं वाढत चाललेलं पाहून नवरा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जातो. हॉस्पिटलमधल्या एका नामांकित सर्जनलाही गाठतो. ते प्रसूती विभागाचे नाहीत, तरी येऊन तपासतात. पोट पुन्हा उघडून पाहा, असं त्यांनी सुचवल्याचं कुटुंबाने पुढे कोर्टात सांगितलं.

पोट उघडलं जात नाही.

मंगळवार. बुधवार. गुरुवार. टाके तसेच. तब्येत ढासळत जाते. या प्रकरणात मला सर्वांत जास्त छळतात ते हे तीन दिवस. मॉप राहिला ती चूक काही मिनिटांची होती. इथे तिच्या अंगातला ताप रोज सांगत होता.

शुक्रवार, 19 जुलै. 5 दिवस.
त्याच सर्जनना पुन्हा बोलावतात. ते जुनी जखम उघडतात. आत मॉप सापडतो, भोवती पू साठलेला. पू काढून पोट पुन्हा शिवतात. उतार पडत नाही.

बुधवार, 24 जुलै.
तिचा मृत्यू होतो.

खालच्या कोर्टाने 36,000 रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1996 मध्ये खालच्या कोर्टाचाच निकाल पुन्हा कायम केला: पोटात मॉप राहणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा, आणि सरकारी हॉस्पिटल असलं तरी सरकारची जबाबदारी सुटत नाही. तोवर 32 वर्षं उलटली होती.

हे जुन्या काळापुरतंच नाही. बंगळुरात, जयनगरमध्ये, 29 सप्टेंबर 2004 रोजी एका महिलेचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी तिने दुखत असल्याचं सांगितलं. आपोआप कमी होईल, असं उत्तर मिळालं. 2010 मध्ये दुसऱ्या हॉस्पिटलच्या स्कॅनमध्ये 3.2 सेंटिमीटरची सुई दिसली. 5 लाखांच्या भरपाईचा आदेश 2024 साली निघाला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ऑपरेशनसाठी जी तपासणी यादी दिली, तिच्यात पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी सिस्टरने हत्यारं, मॉप आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचं मोठ्याने सांगायचं असतं. घरात कुणाचं ऑपरेशन झालं, तर ही मोजणी कागदावर आहे का, ते विचारा. उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि दुखणं वाढतच गेलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत त्याच दिवशी घ्या.